बऱ्या झालेल्याचा दिवस, सांभाळणारीचाही

जूनचा पहिला रविवार कर्करोगातून बऱ्या झालेल्यांचा दिवस म्हणून 1988 पासून साजरा होतो. आपण पाचोडच्या वस्तीतही तो साजरा करू. खीर करू, शेजाऱ्यांना बोलावू. 'कॅन्सर म्हणजे मरण' ही भीती बरा झालेला माणूस समोर पाहिला की कमी होते.

त्या दिवशी त्याला सांभाळणाऱ्या घरच्या माणसाकडेही पाहा. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या खेपा, रात्रीची जागरणे, बुडालेली मजुरी हे बहुधा बायको, सून किंवा लेकीने सोसलेले असते. वॉर्डात आम्ही पाहिले, तिचे दुखणे कुणी विचारत नाही. तिचा बीपी, साखर, हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. आठवड्यातून एक दिवस तिचे काम दुसऱ्याने करावे.

उपचार संपले तरी तपासणी सुरूच राहते. डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका, कागदांची फाइल जपा. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या हाताला सूज किंवा लाली येताच दाखवा. तोंडाचा कर्करोग झाला असेल, तर सांगितलेला तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करा. तंबाखू, गुटखा, मिश्री घरात कुणालाच नको.

आणि खिरीची पहिली वाटी सांभाळणारीला द्या.