हिमालय लांब, माथेरान जवळ

जुन्या घरात, हॉर्नच्या आवाजाविना दोन रात्री काढायला नवी मुंबईकरांनी कुमाऊँपर्यंतच जायला हवं असं नाही. वाशी किंवा नेरूळहून ट्रान्स हार्बरने ठाणे, तिथून कर्जत लोकलने नेरळ, आणि मग वर माथेरान. स्वतःची गाडी असली तरी ती गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यावर ठेवावीच लागते.

माथेरानची उंची साधारण ८०० मीटर. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये इथे आले आणि इंग्रजांपाठोपाठ पारशी कुटुंबांनीही बंगले बांधले. खोल व्हरांडा, कौलारू छप्पर, लाल मातीचं अंगण. यांतल्या काही बंगल्यांत आज पाहुणे उतरतात. हॉटेलपेक्षा तेच निवडावेत, खोली थोडी जुनाट असली तरी.

नेरळहून माथेरानला जाणारी २१ किलोमीटरची छोटी रेल्वे १९०७ ची, आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारलेली. पावसाळ्यात ती नेरळ ते दस्तुरी नाक्याजवळचं अमन लॉज स्थानक या टप्प्यात बंद असते. अमन लॉज ते माथेरान फेऱ्या मात्र चालतात. खरं तर राहायला जावं ते तेव्हाच. धुकं व्हरांड्यातून थेट खोलीत येतं. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, आणि खाऊची पिशवी माकडांपासून जपावी.