न उमटणारी वाट

संगणकाकडून चित्र काढवून घेतांना विद्यार्थ्यांचें सारें लक्ष उमटलेल्या रेघांकडे असतें. परंतु जी वाट मुळींच दिसत नाहीं तिचाहि हिशेब तितकाच कांटेकोर ठेवावा लागतो, हें आम्ही येथें एका परिचित उदाहरणानें दाखवूं इच्छितों.

मालवणच्या किनाऱ्यावरून कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग दिसतो. त्याचें बांधकाम १६६४ सालीं सुरू झालें. जवळच लहानसा पद्मगड आहे. हे दोन जलदुर्ग पायथन भाषेंतील ‘टर्टल’ म्हणजे कांसवाकडून काढवावयाचे आहेत असें समजूं. या कांसवाचा उगम ‘लोगो’ भाषेंत आहे. ती भाषा १९६७ सालीं अमेरिकेंत सीमोर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आदि मंडळींनीं रचिली. आरंभीं तें जमिनीवर चालणारें यंत्रच असून त्यास लेखणी बसविलेली असे. ‘फॉरवर्ड’ म्हणतांच कांसव चालूं लागतें, आणि लेखणी टेकलेली असली तर मागें रेघ राहते.

सिंधुदुर्गाचा तट पुरा झाल्यावर कांसव तसेंच पद्मगडाकडे नेलें तर समुद्रावरून रेघ ओढली जाते, व मालवण न पाहिलेल्यास तो पूल वाटेल. मग आमच्या होडीवाल्यांनीं करावें काय! यास्तव आधीं ‘पेनअप’, पलीकडे पोंचल्यावर ‘पेनडाऊन’. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई हात उचलतांना चिमूट आवळून धरते, तसेंच हें. मात्र लेखणी उचलली तरी कांसवाचें चालणें व वळणें चालूच असतें. या गुप्त प्रवासांत दहा पावलें चुकलीं कीं अख्खा पद्मगड दहा पावलें सरकतो. वळण चुकलें तर तो तिरपा होतो.

रंग भरतांना तर याहून मौज होते. ‘बिगिनफिल’पासून ‘एंडफिल’पर्यंत कांसव जेथें जेथें जातें तो प्रत्येक बिंदु आकृतीच्या सीमेंत धरला जातो, मग लेखणी वर असो वा खालीं. म्हणून उचललेल्या लेखणीनेंहि बिनकांठाचें रंगीत बेट काढतां येतें; पण रंगाचें काम मिटविण्यापूर्वींच समुद्र ओलांडला तर मधल्या पाण्यावरहि रंग पसरूं शकतो. तेव्हां पहिल्या दुर्गाचें ‘एंडफिल’ करूनच निघावें.

चूक सांपडत नसेल तर आम्ही मुलांस एक युक्ति सांगतों : ‘पेनअप’ तात्पुरतें काढून टाकावें व त्या ठिकाणीं लेखणीस लाल रंग द्यावा. कांसव कोठून कसें गेलें तें लगेच दिसतें. दुरुस्ती झाली कीं लेखणी पुन्हां उचलावी.