पहिली तीस ऑपरेशनं

अंगारकीला राजूरच्या गणपतीला गेलो की दर्शनाआधी नातेवाइकांचे रिपोर्ट बघावे लागतात. मागच्या खेपेला चुलतबहिणीनं सोनोग्राफीचा कागद पुढे केला. पित्ताशयात खडे. "दादा, आता दुर्बिणीनं करतात म्हणे, पोट न फाडता. मग सोपंच असेल की?"

रोग्याला सोपं, डॉक्टरला नाही. पोट उघडलं की बोटांना कळतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात बारीक छिद्रांतून कॅमेरा आणि लांब दांड्याची हत्यारं आत जातात. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं, आणि पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही. कापायची असते पित्ताशयाची छोटी नळी. तिला लागूनच मुख्य पित्तनलिका. चुकून तीच कापली गेली तर कावीळ, पुन्हा मोठं ऑपरेशन.

भारतात हे ऑपरेशन पहिल्यांदा १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केलं. पण पोट दुर्बिणीनं नुसतं तपासण्याचं काम ते १९७२ पासून करत होते. नजर अठरा वर्षं तयार होत होती! बाकीच्यांना एवढा वेळ कुठला? अमेरिकेत १९९५ साली ५५ सर्जनांच्या ८,८३९ ऑपरेशनांचा हिशेब प्रसिद्ध झाला. पित्तनलिकेला इजा १५ वेळा झाली होती, आणि त्यांतल्या ९० टक्के त्या त्या सर्जनच्या पहिल्या तीस ऑपरेशनांत.

म्हणून शेजारी गुरू लागतो. मी कित्येक महिने नुसता कॅमेरा धरला. घरी खोक्याला भोकं पाडून चिमट्यानं ज्वारीचे दाणे उचलले. मग पित्ताशय यकृतापासून सोडवायला मिळालं. नळीला क्लिप लावणं सगळ्यात शेवटी. एकदा क्लिप लावणार, तोच सर म्हणाले, "थांब. पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी मला दाखव. एक नळी, एक रक्तवाहिनी." मला दाखवता येईनात. त्यांनी पोट उघडायला लावलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? उघडल्यावर दिसलं, क्लिप मुख्य नलिकेवर बसणार होती.

बहिणीला म्हटलं, "डॉक्टरांना विचार, अशी किती केलीत? नवे असतील तर शेजारी कोण उभं राहणार? आणि अडलं तर पोट उघडणार ना?"

"असं विचारलेलं चालतं का?"

चालतं. मला एका रोग्यानं विचारलं होतं. तेव्हा माझी अकरा झाली होती. मी आकडा सांगितला आणि सरांना फोन लावला.