दुसरी शाखा : स्वतःची की फ्रँचायझीची?

चिकित्सालयाचे नाव पंचक्रोशीबाहेर गेले, की परगावच्या मंडळींची विचारणा सुरू होते, "वैद्यराज, जागा आमची, भांडवल आमचे, तुमचे फक्त नाव द्या." एकदा आम्ही तसे दिले. औषधे परवानाधारक कारखान्यातून आमच्या नावाने करून घेतलेली होती, लेखी करारही होता. दीड वर्षाने त्या गावचा एक रुग्ण औषधाचा डबा घेऊन आमच्यासमोर बसला. लेबल आमचे, आतील अविपत्तिकर चूर्ण मात्र बाजारातील सुटे, जुने, वासावरून ओळखू येणारे! त्याची तक्रार आमच्याविरुद्ध होती आणि ती रास्त होती. करारात रॉयल्टीची चार कलमे होती. साठा तपासण्याचे एकही नव्हते.

व्यवहाराचे गणित प्रथम पाहू. समजा, फ्रँचायझीची मासिक उलाढाल दोन लाख रुपये आणि रॉयल्टी पाच टक्के; म्हणजे हाती दहा हजार. देखरेखीसाठी माणूस नेमला, तर त्याच्या पगारातच ही रक्कम संपते. न नेमला, तर वर सांगितलेला प्रसंग ओढवतो. स्वतःच्या शाखेत अनामत, भाडे, वैद्यांचे वेतन आणि औषधसाठा हा सारा भार आपल्यावर पडतो व पहिले वर्ष बहुधा तोट्यातच जाते. परंतु कपाटाची किल्ली आपल्याकडे राहते.

कायद्याची एक बाजू आपल्या व्यवसायबंधूंच्या सहसा ध्यानी येत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील कलम ३३ ईईसी अन्वये वैद्याला स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करण्यास उत्पादन परवान्याची अट नाही. दुसऱ्या गावी दुसरा वैद्य ज्यांना तपासतो, ते आपले 'स्वतःचे रुग्ण' म्हणणे कठीण. सबब, शाखा कोणत्याही प्रकारची असो, घरचा काढा व गुटी तेथे पाठविण्यापूर्वी परवान्याचा विचार आधी व्हावा.

फ्रँचायझीसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. करार कायदा, १८७२ व व्यापारचिन्ह कायदा, १९९९ यांवरच भिस्त. नावाची नोंदणी दहा वर्षांची असते व पुढे नूतनीकरण करता येते. ती नसताना नाव वापरावयास देणे म्हणजे सातबाऱ्याविना शेत खंडाने देणे होय. करार संपल्यावर समोरच्याने त्याच गल्लीत दवाखाना थाटू नये, अशी अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. कराराच्या मुदतीतील तशी अट ग्राह्य ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग प्रकरणी स्पष्ट केले. स्वतःच्या शाखेतील पगारी वैद्य सोडून गेला, तर त्यालाही हेच लागू, हे विसरू नये.

पी. एस. वारियर यांनी १९०२ साली स्थापिलेल्या कोट्टक्कल आर्य वैद्यशाळेने चिकित्सेसाठी स्वतःच्या शाखा ठेवल्या आणि औषधविक्री मात्र अधिकृत विक्रेत्यांवरही सोपविली. आमच्या मते लहान व्यावसायिकानेही हीच विभागणी स्वीकारावी. मोहोरबंद, बॅच क्रमांक असलेले औषध दुसऱ्याच्या दुकानात ठेवता येते. निदान आणि पंचकर्म या गोष्टी तशा मोहोरबंद करता येत नाहीत.

आम्ही तो करार मोडला, उरलेला साठा परत घेतला. आता त्या गावी आमचा एक औषधविक्रेता आहे, आणि दर गुरुवारी आम्ही स्वतः तेथे रुग्ण तपासतो.