परळचं आकाश किती निळं?

आमच्या कामठीला समुद्र नाही, कन्हान आहे. तरी बंदराशी आमचं नातं जुनंच. 1867 साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली आणि विदर्भाचा कापूस तिने थेट बंदरात नेऊन टाकायला सुरुवात केली. थोडा जहाजात चढायचा, थोडा गिरणीत शिरायचा. 1983 मध्ये त्याच रुळांवरून मीही गेलो, बँकेच्या परळ शाखेत रुजू व्हायला.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरण्यांचा संप संपलाही नव्हता आणि चालूही राहिला नव्हता. जवळपास अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले होते. माझ्या काउंटरवर रोज ठेवी मोडायला माणसं यायची. रत्नागिरीकडचे एक साचेवाले होते. "पूर्ण काढू का, काका?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "पाच रुपये राहू द्या, साहेब. खातं बंद झालं असं घरी सांगायला नको."

माझ्याकडे आगफाचा क्लिक थ्री होता. एरवी 'इंदू'चा कृष्णधवल रोल भरायचा. रंगीत परवडायचा नाही. एकदाच पगार झाल्यावर रंगीत रोल घेतला. बारा फोटो! भाऊच्या धक्क्यावरच्या होड्या, चिमण्या, आणि गिरणीच्या फाटकाशी पासबुक धरून उभे असलेले ते काका.

गंभीर छायाचित्रकार तेव्हा रंगाला जरा नाकच मुरडत. रंग म्हणजे जाहिरात, लग्नाचा अल्बम. मूळचे जयपूरचे रघुवीर सिंह मात्र आयुष्यभर रंगातच काम करत राहिले. छायाचित्रकला भारतात जन्मली असती तर रंगाचा वाद उद्भवलाच नसता, अशा अर्थाचं ते म्हणत. मला ते पटतं. आपल्याकडे कोरी हळद लावल्याशिवाय लग्न लागत नाही! मुंबईवरचं त्यांचं पुस्तक 1994 साली निघालं. झवेरी बाजारातली पेढी, आत पांढऱ्या गाद्या, आणि काचेवर बाहेरचा अख्खा रस्ता उमटलेला. एकाच चौकटीत दोन मुंबई. मी त्यात माझं गिरणगाव शोधत राहिलो.

माझे बारा फोटो आता तांबूस झाले आहेत. रंगीत छपाईत पिवळ्या, किरमिजी आणि निळसर रंगांचे तीन थर असतात. त्या काळच्या कागदांवरचा निळसर थर कपाटाच्या अंधारातसुद्धा आधी विरायचा. उरायची ती लाली. इंदूवरचे कृष्णधवल फोटो मात्र ठणठणीत आहेत, कारण त्यांत चांदी असते. स्वस्तातलं टिकलं, हौसेचं विटलं.

गेल्या दिवाळीत मुलाने ते फोटो संगणकावर घेतले. धक्क्याचं पाणी त्याने पुन्हा हिरवट केलं. काकांच्या फोटोशी अडला.

"बाबा, आकाश किती निळं करू?"

परळचं आकाश म्हटलं की मला धुरकटच आठवतं, पण ते संपाआधीच्या लोकांकडून ऐकलेलं. मी तिथे होतो तेव्हा कितीतरी चिमण्या थंड होत्या. म्हणजे निळं असणार. चांगलं स्वच्छ निळं असणार.

"आणि शर्ट?" त्याने विचारलं.

पासबुकाचा रंग मला आठवत होता. शर्टाचा नाही. तो त्याने तांबूसच ठेवला आहे.