दाब, लोखंड आणि हायड्रोजनची पाचर
दाबाखालचे जग : भाग 6

सुरजागडच्या डोंगरातला हेमॅटाइटचा दगड लोखंडाने ठासून भरलेला असतो. पण साधे लोहचुंबक लावून पाहा, चिकटत नाही. हाच दगड गडचिरोलीतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्गुसच्या भट्टीत गेला, कोळशाबरोबर तापून त्यातला ऑक्सिजन निघून गेला, की त्याचे स्पंज आयर्न होते. भट्टीतला माल थंड झाल्यावर चुंबकी विभाजकावरून जातो. स्पंज आयर्न चुंबकाकडे ओढले जाते, कोळशाचा उरलेला अंश, म्हणजे डोलोचार, बाजूला पडतो.

लोखंडाचे अणू दोन्हीकडे तेच. प्रत्येक अणू म्हणजे एक इवलेसे चुंबक. हेमॅटाइटमध्ये शेजारच्या अणूंची तोंडे परस्परविरुद्ध असतात, त्यामुळे त्यांचा जोर जवळजवळ पुरता मिटतो. शुद्ध लोखंडात ती एका दिशेला वळतात आणि जोर एकवटतो. म्हणजे चुंबकत्व ठरते ते शेजारी कोण आणि किती अंतरावर, यावर. दाब नेमके हे अंतरच बदलतो.

मागच्या भागात हिऱ्याच्या ऐरणीची ओळख झाली. दोन हिऱ्यांची टोके, मध्ये धातूच्या पत्र्याला पाडलेले केसाएवढे भोक आणि त्या भोकात नमुना. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा ऐरणींवर काम चालते. तिच्यात लोखंड दाबत नेले, की सुमारे 13 गिगापास्कलला, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास 1 लाख 30 हजार पटींवर, अणूंची रचना बदलते. ते अधिक दाटीने बसतात. इलेक्ट्रॉनांना एका अणूवरून दुसऱ्यावर जाणे सोपे होते, एकाच दिशेला तोंड करून राहण्यात त्यांचा फायदा उरत नाही आणि लोखंडाचे लोहचुंबकत्व जाते.

आता त्याच भोकात हायड्रोजन भरा. एरवी लोखंड हायड्रोजनला जवळजवळ थारा देत नाही. पण दाब साडेतीन गिगापास्कलच्या आसपास गेला, की हायड्रोजनचे अणू लोखंडाच्या अणूंमधल्या फटींत शिरतात आणि लोह हायड्राइड तयार होते. लाकूड फोडताना फटीत पाचर ठोकावी तसे ते लोखंडाचे अणू दूर सारतात. आकारमान सुमारे एक षष्ठांशाने वाढते. परिणाम असा, की हे हायड्राइड दाट रचनेचे असूनही लोहचुंबकी असते आणि 13 गिगापास्कल ओलांडल्यावरही तसेच राहते. त्याचे चुंबकत्व मावळते ते 25 ते 30 गिगापास्कलच्या टप्प्यात. एकीकडून दाब अणूंना जवळ आणतो, दुसरीकडून हायड्रोजन त्यांना दूर ठेवतो. या ओढाताणीत हायड्रोजन बराच काळ टिकाव धरतो.

एवढ्याशा नमुन्याचे चुंबकत्व ओळखायचे कसे? निसर्गातल्या दर शंभर लोह अणूंपैकी साधारण दोन लोह-57 जातीचे असतात; सुरजागडच्या दगडातही असतातच. त्यांच्यावर ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडले, की चुंबकी लोखंड सहा रेषा दाखवते. चुंबकत्व गेले, की सहांची एक होते. या तंत्राला मॉसबाउअर वर्णपटशास्त्र म्हणतात.

मात्र हायड्रोजन चुंबकत्व नेहमीच राखतो, असा नियम करता येणार नाही. निकेलमध्ये उलट घडते. निकेल मुळात लोहचुंबकी, पण पुरेसा हायड्रोजन शिरला, की त्याचे चुंबकत्व जाते. सोप्या भाषेत, ज्या इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांमुळे निकेल चुंबकी असते, त्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन भरून काढतात. पाहुणा धातूत जागा किती वाढवतो आणि इलेक्ट्रॉन किती देतो, हे दोन्ही पाहिल्याशिवाय निकाल सांगता येत नाही.

हे सारे आपल्या पायांखालच्या पृथ्वीशी जोडलेले आहे. सुमारे 2,900 किलोमीटर खोलीवर लोखंडाचा गाभा सुरू होतो. तो शुद्ध लोखंडापेक्षा हलका आहे, म्हणून त्यात हलकी मूलद्रव्ये असली पाहिजेत. हायड्रोजन त्यांतला एक दावेदार. पण तिथला दाब 136 गिगापास्कलपासून पुढे चढत जातो आणि लोखंडाचे लोहचुंबकत्व तर 770 अंश सेल्सिअसलाच संपते, गाभा त्याहून कितीतरी तप्त. म्हणून हायड्रोजन असो वा नसो, तिथे कायमचे चुंबक टिकू शकत नाही. होकायंत्राची सुई वळते ती बाह्य गाभ्यातल्या वाहत्या, वितळलेल्या लोखंडातल्या विद्युतप्रवाहांमुळे.

पुढच्या भागात : दाबाखालची हायड्राइडे अतिवाहक होऊन चुंबकी क्षेत्र स्वतःबाहेर कशी ढकलतात.