उसनी तरतरी

जिल्ह्याच्या गावी पोलीसभरतीचा हंगाम आला की पहाटेची मैदाने माणसांनी फुलून जातात. पुरुष उमेदवारांना १६०० मीटर व स्त्री उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. मैदानी चाचणीच्या पन्नास गुणांपैकी वीस गुण या एका धावेला आहेत. दोन-दोन वर्षे घाम गाळणाऱ्या मुलांचे भवितव्य अशा रीतीने पाच-सहा मिनिटांच्या दमावर येऊन ठेपते. आणि याच मैदानाच्या कडेला, धावण्यापूर्वी तळहातावर तंबाखू-चुना मळून ओठाखाली चिमूट धरणारे तरुणही आढळतात. त्याने अंग हलके होते, थकवा जाणवत नाही, अशी त्यांची समजूत असते. शहरातील व्यायामशाळांत हीच समजूत नव्या वेषात वावरते. तेथे चिमटीऐवजी पेनासारखे एक उपकरण असते. त्यातून धूर निघत नाही, तेव्हा दमाला धोका नाही आणि शिवाय वजन काबूत राहते, असा युक्तिवाद केला जातो.

या युक्तिवादाची पहिली बाजू अर्धी खरी आहे, आणि अर्ध्या सत्यामुळेच ती अधिक फसवी आहे. सिगारेट-विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूचे दोनशे पटींहून अधिक आकर्षण आहे. नियमित धूम्रपान करणाऱ्याच्या हिमोग्लोबिनचा तीनपासून दहा टक्क्यांपर्यंतचा भाग या वायूने अडवून ठेवलेला असू शकतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला ही तूट जाणवत नाही. तिसऱ्या फेरीला धाप लागलेल्या धावपटूला मात्र ती तत्काळ जाणवते. व्हेपमध्ये काही जळत नसल्याने हा वायू नगण्य असतो, आणि मळलेल्या तंबाखूत तर त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण म्हणून व्हेपमधून केवळ निरुपद्रवी वाफ येते असे नव्हे. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरिन व सुगंधी द्रव्ये तापवून त्यांचे सूक्ष्म तुषार फुप्फुसात ओढले जातात, त्यांनी श्वासनलिकांचा दाह होतो व हवेच्या वाटेतील अवरोध वाढतो. ज्या अवयवाच्या जोरावर धावायचे, त्यालाच हा त्रास.

धूर वजा केला तरी उरते ते निकोटिन. त्याने ॲड्रिनॅलिन स्रवते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. म्हणजे पाऊल उचलण्यापूर्वीच हृदय काही पावले धावून आलेले असते. परिश्रमाच्या वेळी स्नायूंना अधिक रक्त हवे, आणि नेमक्या त्याच वेळी हृदयाचा अनाठायी खर्च वाढतो. व्हेप व तंबाखूची चिमूट यांत या बाबतीत फरक नाही. चुन्याचा क्षारही निकोटिन गालातून रक्तात लवकर शिरावे याच कामी येतो. आधुनिक म्हणवणारे हे उपकरण शरीराच्या हिशेबात बव्हंशी आजोबांच्या चंचीचाच नवा अवतार आहे.

मग खेळाडू त्याच्या वाटेला जातात कशाला? याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. निकोटिनने अवधान काही काळ तीक्ष्ण होते, हे खोटे नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात धूम्रपान न करणाऱ्या बारा पुरुषांना निकोटिनची पट्टी लावून सायकल चालवावयास दिली, तेव्हा दमून थांबण्यापूर्वी ते सुमारे सतरा टक्के अधिक काळ टिकले. पुढील प्रयोगांत मात्र असा लाभ सातत्याने दिसला नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१२ पासून निकोटिनला देखरेखीच्या यादीत ठेवले. बंदी मात्र घातली नाही. पण त्या प्रयोगातील माणसे निकोटिनला सरावलेली नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. रोजच्या सेवकाची गोष्ट निराळी. काही तास निकोटिन न मिळाल्याने त्याचे चित्त विस्कटते, आणि चिमूट धरताच ते पूर्वस्थितीवर येते. जी तरतरी त्याला कमाई वाटते, ती बहुतांशी फेडलेली उसनवारी असते.

वजनाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तंबाखूने भूक मरते, हे महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांना कोणी शिकवावे लागले नाही. एक वेळचे जेवण चुकले तर मिश्री वा तंबाखूवर दिवस काढणाऱ्या स्त्रियांची येथे वाण नाही. अमेरिकेतील एका सिगारेट कंपनीने तर १९२८च्या सुमारास मिठाईऐवजी आपली सिगारेट हाती घ्या, असा प्रचार स्त्रियांमध्ये चालवला होता. निकोटिन मेंदूतील भूक आवरणाऱ्या पेशींना चेतवते व शरीराचा ऊर्जाव्ययही वाढवते. १९८६ साली स्वित्झर्लंडमध्ये आठ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या मोजणीत ही वाढ दिवसाला सुमारे दहा टक्के भरली. पण वजन उतरणे म्हणजे शरीर घडणे नव्हे. तेवढ्याच वजनाच्या इतरांशी तुलना करता धूम्रपान करणाऱ्यांच्या पोटाभोवती चरबी अधिक साठलेली आढळते, आणि मधुमेहाच्या दृष्टीने हीच चरबी घातक. शिवाय भूक मारून व्यायाम करणाऱ्याने स्नायू बांधायचे ते कशाच्या बळावर?

सोडल्यावर वजन वाढते, ही भीती निराधार नाही आणि ती लपवून उपयोगही नाही. वर्षभरात सरासरी चार ते पाच किलो वाढ होते, तीही बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. तरी शंभरांत सुमारे सोळा जणांचे वजन या काळात उलट घटल्याचेही आढळले आहे. योहान क्रॉइफसारख्या थोर फुटबॉलपटूने खेळत असताना सिगारेट सोडली नव्हती; १९९१ साली हृदयावर शस्त्रक्रिया झाल्यावर त्याने ती सोडली आणि पुढे तंबाखूविरोधी प्रचारही केला. २०१६ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचा अंत झाला. अशा असामान्य खेळाडूंकडे बोट दाखवून आपल्या सवयीचे समर्थन करणाऱ्यांना या कहाणीचा उत्तरार्ध सहसा ठाऊक नसतो.

कायद्याने या बाबतीत फार साधले आहे असे म्हणवत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. २०१९ साली केंद्राने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात गुन्हा ठरविली. साठवण वगळता इतर बाबतींत पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. तरीही दोन्ही वस्तू हव्या त्याला चोरवाटेने मिळतात.

मैदानावरच्या मुलाच्या हाती मात्र एक उपाय आहेच, आणि तो त्याच्या सरावातच सामावलेला आहे. पाच-दहा मिनिटे झपझप चालल्याने तलफ तेवढ्या वेळेपुरती ओसरते, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, झोपमोड, कामात लक्ष न लागणे हे तीन-चार आठवड्यांत बहुधा निवळते. भरतीची जाहिरात आणि मैदानी चाचणी यांच्यामध्ये साधारणपणे याहून अधिक काळ जातो.